मसाजीमामांची अर्धी घोंगडी

मसाजीमामा माणूस समोर आला की आधी त्याचं कापड बघतात. डोळ्यांनी नाही, हातानं. बाहीची कड, धोतराचा सोगा, पदराचं टोक, जे जवळ असेल ते चिमटीत धरायचं, दोनदा चोळायचं, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा. "कवा आलास", "बरं हाय का" हे सगळं त्यानंतर. निकालही दोनच. एक "जितं हाय" आणि दुसरा "मेलंय."

बहुतेकांचं मेलेलंच निघतं. गावातल्या माणसांना मामांनी कापडावरून नावं ठेवलीत. शाळेतले गुरुजी टेरीकाट. आमचे हे पालिस्टर. सरपंच पांढरेशुभ्र कडक कपडे घालतात, त्यांना मामा तोंडावर म्हणाले होते, "खळ लय, सूत कमी." खळ म्हणजे कापड ताठ करायची पेज. सरपंच हसले, पण तेव्हापासून मामांसमोर ते हात मागं बांधून उभे राहतात. एकदा ताडकळसच्या एसटीत मामांनी कंडक्टरची बाही चोळली आणि भर गाडीत म्हणाले, "सरकारनं असलं मेलेलं घालाय लावलंय व्हय तुमाला? उन्हाळ्यात जीव कसा राहतोय?" कंडक्टरला आधी राग आला. मग पुढच्या थांब्यापर्यंत तो मामांना आपल्या घामोळ्यांबद्दलच सांगत होता.

मला ते नायलान म्हणतात. लग्न होऊन या गावात आले त्याच महिन्यात सासूबाईंनी ताकाचा तांब्या देऊन मला शेजारी, म्हणजे मामांकडं पाठवलं. तेव्हा मामांनी माझ्या पदराचं टोक धरलं आणि हे नाव पडलं. त्याला सोळा वर्षं झाली. आता सुती नेसले तरी मी नायलानच.

मामांचा धंदा घोंगडीचा. काळ्या मेंढीची लोकर, हातानं कातलेलं सूत, आणि घराच्या मागल्या खोलीत जमिनीत खणलेला माग. खड्ड्याच्या कडेला बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे, पायानं खालच्या फळ्या दाबायच्या आणि हातानं धोटा इकडून तिकडं घालायचा. मामा चांगले सहा फूट भरतील, दारातून येताना त्यांना वाकावं लागतं. पण मागावर बसले की त्यांचे गुडघे हनुवटीला लागतात. कारण खड्ड्याच्या तळाशी विटांचे दोन थर रचलेत आणि फळ्या त्या विटांवर बसवल्यात. उठले की पाच मिनिटं ते चौकटीला धरून उभे राहतात. आधी डावा गुडघा सरळ करतात, मग उजवा, आणि दोघांनाही सावकाश शिव्या देतात.

"मामा, विटा काढून टाका की," असं आमच्या ह्यांनी, गुरुजींनी, सगळ्यांनी सांगून झालं. फार तर अर्ध्या तासाचं काम.

"मागाला हात लावायचा न्हाई," मामा म्हणतात. "माग जसा हाय तसा हाय. मानसानं वाकावं."

गुरुजी म्हणतात, हा निव्वळ हट्ट आहे. मी काही म्हणत नसे. मी कुठंच काही म्हणत नाही, त्यामुळं त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही.

घोंगडी एका तुकड्यात होत नाही, माग तेवढा रुंद नसतो. दोन लांब पट्ट्या विणायच्या आणि मधोमध टाके घालून जोडायच्या. मामांच्या घोंगडीची गंमत अशी, की एक पट्टी चामड्यासारखी कडक आणि दुसरी मऊ. ताडकळसच्या बाजारात ती अंथरून बसले की ते गिऱ्हाइकाला बजावायचे, "कडक बाजू अंगाखाली घ्या, मऊ बाजू अंगावर वडा. उलटं केलं तर रातभर कूस बदलत बसताल, मग माज्याकडं यायचं न्हाई."

"दुसऱ्यांची दोन्हीकडून सारखी असती, तुमचीच अशी काऊन?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "नवरा-बायकूची हाय. दोगं सारखे असले तर संसार व्हतोय का?"

बाजार हसायचा आणि घोंगडी खपायची.

चार वर्षांमागं धुरपामामी गेल्या. मामांची बायको. बुटकी, गोरी, बोलायला गोड बाई. मला लोकर पिंजायला आणि कातायला त्यांनीच शिकवलं. त्या गेल्यापासून मामा फक्त कडक पट्टी विणायला लागले. एक झाली की ताणा, म्हणजे मागावरचे उभे दोरे, कापायचा, पट्टीची घडी घालून पत्र्याच्या पेटीवर ठेवायची, पुन्हा नवी कडक पट्टी. अशा नऊ झाल्या. अर्धी घोंगडी कोण घेणार? गुरुजी म्हणाले, दोन-दोन जोडून टाका. मामा म्हणाले, "दोन कडक शेजारी नांदत न्हाईत. मधला टाका तुटतोय."

मामींनंतर सूत मीच कातून देते. मामा सुताची गुंडी हातात घेतात, चोळतात आणि उसासा टाकतात. "नायलान, तुजं सूत लाजायलंय. मधीच बारीक व्हतंय, मान खाली घालतंय. सुतानं कसं, छाती काढून यावं." एकदा धीर करून मी म्हणाले, जोड मी मारते, मऊ पट्टी तुम्ही हलक्या हातानं विणा. तर म्हणाले, "माजा हात हलका असता तर काय पायजे व्हतं?"

मागच्या दिवाळीनंतर मामांनी ट्रॅक्टरभर मुरूम आणून दारात टाकला. मागाचा खड्डा बुजवायचा म्हणाले. "माज्यामागं कुनी त्यात पडून पाय मोडून घ्याय नको." पुढच्या सोमवारी बुजवतो. सोमवार आला की लोकर वाळत असायची, किंवा अमावस्या असायची, किंवा फावड्याचा दांडा हलत असायचा. ढिगावर कोंबड्या बसायला लागल्या. तरी गावानं मनात धरलं होतं की माग संपला. आसपासच्या गावांतले माग आधीच बुजलेले होते. हा शेवटचा.

अशात ती बाई आली. रेल्वेनं पूर्ण्यापर्यंत, तिथून जीपनं. एका संस्थेनं आणलेली. सोबत ईशा नावाची पुण्याची मुलगी, तिचं बोलणं आपल्याला मराठीत सांगायला. बाईचं नाव नायरा, देश बोलिव्हिया. लेकीच्या नकाशाच्या पुस्तकात मी तो शोधला. आपल्या देशावरून बोट सरकवत नेलं, तर समुद्रात पान संपलं. पलीकडच्या पानावर सापडला. बाई पन्नाशीची, मामींएवढीच बुटकी. दोन लांब वेण्या, डोक्यावर वाटोळी टोपी, घेरदार घागरा आणि पाठीवर बांधलेलं रंगीत पट्ट्यांचं लोकरी कापड. त्या कापडालाही मधोमध जोड होता. त्यांच्या डोंगरातल्या बायकाही दोन पट्ट्या विणतात आणि जोडतात, असं ईशानं सांगितलं.

संस्थेचं म्हणणं होतं, एक घोंगडी दोघांनी करायची. कडक अर्धी मामांची, मऊ अर्धी नायराची. जमली तर ते आणखी मागणार, कातायला गावातल्या बायका बसणार आणि माग चालू राहणार.

"आन न्हाई जमली तर?" आमच्या ह्यांनी विचारलं.

ईशानं मुरमाच्या ढिगाकडं बघितलं. ढिगावरची कोंबडी उतरून गेली.

मामांनी रीतीप्रमाणं आधी ईशाच्या निळ्या जाकिटाची बाही चोळली. "ताडपत्री हाय," म्हणाले. मग नायराच्या पाठीवरच्या कापडाचं टोक धरलं. डोळे मिटले. एरवी दोन चोळण्यांत काम होतं. या वेळी चिमूट सुटेचना. आम्ही सगळे उभेच.

"जितं हाय," मामा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "लय जितं हाय."

बाईंना बसायला मी आमच्या सासूबाईंची जुनी घोंगडी अंथरली होती, मामांकडचीच. मामांचं बघून नायरानं तिचं टोक चिमटीत धरलं. तशीच चोळली, तसेच डोळे मिटले. एक बाजू चोळली, मग सरकून दुसरी. मग ईशाशी काहीतरी बोलली.

"त्या म्हणतात, ही दोन माणसांनी विणलीय. एकाचा हात जड आहे, एकाचा हलका."

"येकाच मानसाची हाय," मामा म्हणाले. "माजी. सांग तिला." आणि उठून आत गेले. गुडघे सरळ करायचंसुद्धा विसरले.

मी चहा बघायला घरात गेले. चहा मघाशीच गाळून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी नायरा मागाकडं निघाली तर मामा दारात आडवे. "मागाच्या खड्ड्यात बाईनं पाय घालायचा न्हाई. आमच्यात रीत न्हाई." ते खरंच होतं. आमच्याकडं बाई पिंजते, कातते, जोड मारते, पण मागावर बसत नाही. गडी मागावर बसतो, पण चरख्याला हात लावत नाही. कुणी लावला तर गाव त्याला पुढची दहा वर्षं विसरू देत नाही.

नायरा रुसली नाही. तिनं अंगणात चार खुंट्या ठोकल्या, त्यांच्यावर ताणा ताणला आणि जमिनीवर बसून तिच्या पद्धतीनं विणायला लागली. आत मामा, बाहेर ती. मामांना दर घटकेला तहान लागायला लागली. रांजण अंगणात होता.

"खुट्ट्याला दोरे बांधून काय व्हतंय," पाणी पिता पिता ते म्हणायचे. "हे काय म्हशी बांधायलीस का?"

नायरा तिच्या भाषेत काहीतरी बोलायची.

"ते खरं हाय, पन कड बग की. कड वाकडी यायली."

ती हसून कड दाखवायची. कड सरळ असायची.

"सरळ हाय," मामा म्हणायचे. "पन वाकडी यायली व्हती."

आधी ईशा सगळं सांगायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "यांना माझी गरज नाहीये," आणि आमच्या ओसरीवर झोपली.

चौथ्या दिवशी नायराचा दोरा सारखा तुटायला लागला. माझंच सूत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी बघितलं, आत गेले आणि चिंचोक्याच्या खळीचं मडकं घेऊन आले. स्वतःच्या हातानं तिच्या ताण्याला खळ लावून दिली. नायरानं बोट मडक्यात बुडवून चाखून बघितलं आणि असं तोंड केलं, की मामा हसले. चार वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. हसल्यावर त्यांना खोकला आला, सवय राहिली नव्हती.

दहाव्या दिवशी दोन्ही पट्ट्या झाल्या. दोन्ही सुरेख. अंगणात शेजारी ठेवून नायरानं मधोमध कच्चे टाके घातले आणि घोंगडी उचलली. तर मामांची बाजू सरळ लोंबली आणि तिची बाजू पुरीसारखी फुगली. टाके काढले, पुन्हा घातले. पुन्हा पुरी. दोन मागांवरचं कापड, दोन तऱ्हांनी ओढलेलं. एकमेकांशी बसेना.

नायरानं दोन्ही पट्ट्यांचे दोरे ओढून बघितले. मग ईशाला म्हणाली, एकच माग पाहिजे, एकच ताणा. आधी मामांनी विणावं, मग त्याच मागावर तिनं.

"रीत न्हाई," मामा म्हणाले.

ईशानं खूप सांगून बघितलं. गुरुजींनीही सांगितलं, सरपंचांनी हात मागं बांधून सांगितलं. मामा एकच बोलत होते. शेवटी ईशा म्हणाली, मग आम्ही उद्या निघतो. नायरा खुंट्या उपटायला लागली.

मामा आत गेले, फावडं आणि टोपलं घेऊन आले आणि मुरूम भरायला लागले. सोमवार नव्हता, अमावस्या नव्हती, फावड्याचा दांडाही हलत नव्हता. टोपलं भरलं. ते उचलायला वाकले, तेव्हा मी त्यांच्या समोरच उभी होते. माझे पाय मला तिथं कसे घेऊन गेले, ठाऊक नाही.

"मामा," मी म्हणाले, "खड्ड्यातल्या विटा कुनासाठी हाईत?"

अंगणात आठ-दहा माणसं होती. त्यातल्या निम्म्यांनी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला असेल.

सोळा वर्षांपूर्वी ताकाचा तांब्या घेऊन मी गेले तेव्हा दुपार होती. पुढचं दार लावलेलं, आतून मागाचा आवाज येत होता. मामा विणत असतील, मामी मागच्या दारी असतील, म्हणून मी मागून गेले आणि दार लोटलं. मागावर मामी बसल्या होत्या. पाय खड्ड्यात, पदर खोचलेला, धोटा हातात. आणि पलीकडं भिंतीशी सहा फुटांचे मामा मांडी घालून चरखा फिरवत होते. तिघंही तसेच थिजलो. मामींनी तोंडावर बोट ठेवलं. मामा उठून माझ्याजवळ आले. मग त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं आणि म्हणाले, "नायलान."

मी तांब्या ठेवला आणि घरी आले. कुणाला सांगितलं नाही. मामी गेल्या तेव्हाही नाही.

मामांनी टोपलं खाली ठेवलं आणि ढिगावरच बसले.

"तू सांगशील म्हून आठ दिवस झोप न्हाई लागली मला," ते म्हणाले. "ती म्हनायची, झोपा निवांत. पोरगी बोलनार न्हाई."

मग बाकीच्यांकडं न बघता, फावड्याच्या दांड्याशी बोलावं तसं बोलायला लागले. "मागावर बसायची हौस तिला. मी म्हनलं, बस. तिचे पाय पोचंनात, म्हून विटा रचल्या. ती इनायची, मी कातायचो. भाईर कळलं असतं तर दोगांचं बी हसं झालं असतं. दुपारचं मी भाईर दिसाय नको म्हून चार-चार घंटे कोंडून घ्यायचो. लोक म्हनायचे, मसाजी लय कामाचा."

कुणी हसलं नाही. सरपंचांचे हात पुढं आले होते.

"बाजारात गिऱ्हाईक हात फिरवून बगायचं आन म्हनायचं, वा मसाजी, काय मऊ हात हाय. मी गप मान हलवायचो. कडक बाजू कवाच कुनी नावाजली न्हाई." त्यांनी चिमटीत धोतराचा सोगा धरला आणि सोडला. "ती गेल्यावर वाटलं, विटा काढाव्या. खाली उतरलो. हात लागंना."

ईशा हळू आवाजात नायराला सांगत होती. सांगून झाल्यावर नायरा उठली, घागऱ्याला पुसून हात कोरडे केले आणि मामांसमोर येऊन उभी राहिली. मामांनी तिच्या पायांकडं बघितलं. मग खड्डा असलेल्या खोलीकडं हात केला.

तिचे पाय फळ्यांवर बरोबर बसले. गुडघा कुठंच लागला नाही.

मामांनी तिचं विणणं बघितलं नाही. त्यांनी आतून चरखा उचलून आणला, अंगणात, सगळ्यांच्या देखत मांडला आणि कातायला बसले. सरपंच म्हणाले, "मामा, हे काय?" मामा म्हणाले, "सूत हाय. चोळून बग." सरपंचांनी चोळून बघितलं. मीही बघितलं. छाती काढून आलेलं सूत होतं. त्या दिवशी मला कळलं, माझ्या गुंडीची तुलना ते कशाशी करत होते.

एकाच मागावर दोघांनी विणलेली ती घोंगडी सरळ लोंबली. मामांनी जोड स्वतः मारला. बोटाला तीनदा सुई टोचली आणि प्रत्येक वेळी त्यांनी मामींच्या नावानं तक्रार केली. संस्थेनं आणखी मागितल्यात. जाताना नायरानं मामांच्या सदऱ्याची बाही चोळली आणि मामांनी तिच्या कापडाचं टोक. एवढाच निरोप झाला. मुरूम आता दारापासून रस्त्यापर्यंत पसरलाय. कातायला बायका येतात, त्यांचे पाय चिखलात जायला नकोत.

मऊ पट्टी विणायला मामांनी मला बोलावलं. मी नको म्हणाले, ते ऐकले नाहीत. "बोलली तशी बस आता." बसले. मी मामींपेक्षा वीतभर तरी उंच आहे, माझे गुडघे वर आले. तशीच चार दिवस विणत राहिले, बोलले नाही. पाचव्या दिवशी मामांनी विणलेलं चिमटीत धरलं.

"लाजायलंय," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "पन जितं हाय."

मग त्यांनी माझ्या गुडघ्यांकडं बघितलं. मला उठायला सांगितलं, खड्ड्यात उतरले, फळ्या सोडवल्या आणि वरचा थर काढायला लागले. एकेक वीट काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते. खालचा थर तसाच ठेवला. काढलेल्या विटा फेकल्या नाहीत. मामींच्या चरख्याशेजारी भिंतीला लावून त्यांनी त्या नीट एकावर एक रचल्या.

"कुनी बुटकी आली तर लागतील," मामा म्हणाले.